इंग्लंडच्या खेड्यांतली मध्ययुगीन चर्चेस: माणसं नसली तरी जपायची का?

ईस्ट_अँग्लियाकर (धागाकर्ता)

लंडनला आलेला आपला माणूस वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल्स उरकतो, लंडन आयपुढे फोटो काढतो आणि परततो. खरी मजा तिथून दोन-अडीच तासांवर, बिटाच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या गावच्या चर्चमध्ये आहे, हे त्याला कुणी सांगतच नाही. एकट्या नॉरफोक काउंटीमध्ये अशी ६५०हून जास्त मध्ययुगीन चर्चेस आहेत. दिवसा बहुतेक ठिकाणी दार उघडं, आत चिटपाखरू नाही, तिकीट तर नाहीच.

सफोकमधलं ब्लाइदबरा घ्या. गाव मूठभर घरांचं, पण चर्च एवढं की दलदलीच्या पलीकडून लांबूनच दिसतं. आत जाऊन मान वर केली की छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत, १५व्या शतकातले, अंगावर जुन्या रंगाचे पुसट पट्टे. त्यांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले तेव्हा आळ आला तो १६४४ साली इथे मूर्ती आणि चित्रं फोडायला आलेल्या विल्यम डाउझिंगवर. पण १८व्या शतकात छतातले जॅकडॉ, म्हणजे कावळ्याचे भाऊबंद, मारण्यासाठी चर्चनेच पैसे मोजल्याची नोंद आहे, आणि छर्रे त्यातलेच असावेत असं आता मानतात! उत्तरेच्या दारावर जळल्याचे डाग आहेत. ४ ऑगस्ट १५७७ला मोठं वादळ होऊन वीज पडली. गावकऱ्यांना विचाराल तर सैतानी काळा कुत्रा पंजे मारून गेला.

आता वादाचं बोलू. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६ हजार चर्चेस, आणि आठवड्याला येणारे सगळे धरून ७ लाखांच्या आसपास. खेड्यात रविवारी पाच-दहा डोकी. माझं म्हणणं, माणसं येवोत न येवोत, सरकारने पैसा घालून ही जपावीत.

खडूस_काका

मोहक आहेत, मान्य. पण बिल कुणी भरायचं? ज्या शेतकऱ्याने शतकानुशतकं पिकाचा दहावा हिस्सा, धान्य, लोकर, कोकरं, चर्चला मुकाट्याने 'दशांश' म्हणून पोचवला, त्याच्याच वारसांनी? १८३६च्या कायद्याने वस्तूंऐवजी रोकड आली, एवढाच काय तो दिलासा.

आणि हे मध्ययुगात संपलेलं नाही. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात एका जोडप्याला वारशाने शेत मिळालं. त्या जमिनीबरोबर चर्चचा चॅन्सेल, म्हणजे वेदीकडचा भाग, दुरुस्त करायची जबाबदारीही आली. बिल सुरुवातीलाच ९५ हजार पौंडांच्या घरात. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००३ साली जोडपं हरलं. बसा आता देवदूत बघत.

ईस्ट_अँग्लियाकर

काका, निकाल क्रूर होता, पण त्याचं मूळ बघा. दशांश घेणाऱ्या रेक्टरने (गावचा पाद्री, किंवा दशांशाचा हक्क असलेला मठ) चॅन्सेल सांभाळायचा आणि गावाने उरलेलं चर्च, अशी जुनी वाटणी. आठव्या हेन्रीने मठ मोडले, त्यांच्या जमिनी आणि दशांशाचे हक्क विकले, त्यांना चिकटलेली जबाबदारी नव्या मालकाकडे गेली. उत्पन्न केव्हाच संपलं, खर्च उरला.

आणि सगळी चर्चेस दशांशावर उभी नाहीत. सफोकमधल्या लॅव्हनमच्या चर्चचा मनोरा लोकरीच्या पैशाचा. कापडव्यापारी टॉमस स्प्रिंगने त्यासाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले आणि मनोऱ्यावर घराण्याचं चिन्हही कोरलं गेलं. देणगीदाराची पाटी लावायची हौस सगळीकडे सारखीच.

गॉथिक_शंकासूर

मला 'मध्ययुगीन' याच शिक्क्याची गंमत वाटते. ही बांधली रोमन कॅथलिकांनी. १५३४ला राजा चर्चचा प्रमुख झाला, १५४७नंतर चित्रांवर चुना फासला, पुतळे फोडले. तुम्हाला जी साधी पांढरी भिंत आणि स्वच्छ उजेड भावतो, ती त्या तोडफोडीची देणगी.

मग १९व्या शतकात व्हिक्टोरियन मंडळी आली. त्यांनी गिलावा खरवडला, जुनी बाकं फेकली, मध्ययुग कसं 'असायला हवं होतं' तसं करून ठेवलं. याचाच संताप येऊन कवी-कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ला जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. कॉट्सवोल्ड्समधल्या डेल्सफर्डला जा. तिथल्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्ज पुरलाय, तोच, ज्याच्या कारकिर्दीत मराठ्यांशी पहिलं युद्ध आणि १७८२चा सालबाईचा तह झाला. चर्च १८१६ला त्याने नव्याने बांधवलं, पुढे १८६०च्या आसपास पुन्हा बांधलं गेलं. प्राचीन म्हणून जपायचं ते नेमकं काय?

शरयू_हर्टफर्डशर

शंकासूर, थर बसलेत म्हणूनच तर ती वाचनीय आहेत! ॲशवेलच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी टोकदार वस्तूने दगडात ओळी खरवडल्यात. मोडकीतोडकी लॅटिन. साल १३५०, आशय असा की दीनवाणे, सैरभैर झालेले उरलेसुरले लोकच काय ते साक्षीला राहिलेत. म्हणजे प्लेगच्या काळ्या साथीतून वाचलेल्या माणसाने लिहिलेलं. खाली १३६१च्या भयंकर वादळाची भर. जवळच जुन्या सेंट पॉल्सचं रेखाटन, १६६६च्या आगीत जळालं ते. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की अक्षरं उठून येतात. संग्रहालयात काचेमागे ठेवली असती तर इतकी अंगावर आली नसती.

व्हिक्टोरियन लोकांना सरसकट झोडपू नका. त्यांच्या वेडापायीच आपल्याकडे कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८) इंग्लिश खेड्यातल्या चर्चच्या घाटाचं झालं.

खडूस_काका

शरयूताई, टॉर्च मारायला जाल, पण वर छतावर शिशाचे पत्रे उरलेत का ते बघा. चोर नेतात. आतल्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण, त्यामुळे त्यांच्या लेंड्यांवरून वाद. वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतीच्या दुरुस्तीवरही २० टक्के व्हॅट. तो परत मिळायची योजना होती, तिच्यावर २०२५ला सरकारने एका वास्तूला वर्षाला २५ हजार पौंडांची मर्यादा घातली. सरकारलाच हौस नाही, तुम्ही कुठे धागे काढता?

माझा उपाय: बंद पडलेल्यांपैकी उत्तम अशी ३५०हून जास्त 'चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट' या संस्थेकडे आहेतच. आणखी शे-दोनशे निवडा. उरलेली विका, घरं करा.

ईस्ट_अँग्लियाकर

इंग्लंडच्या पहिल्या दर्जाच्या वारसा इमारतींपैकी सुमारे ४५ टक्के चर्च ऑफ इंग्लंडची चर्चेस आहेत. त्यातून शे-दोनशे निवडणार कोण? सरेमधलं चाल्डन बघा. साधंसुधं छोटं चर्च. १८७०च्या सुमारास चुन्याखालून सुमारे १२०० सालचं आख्खं भित्तिचित्र निघालं: शिडीवरून वर चढणारे आणि धडाधड खाली पडणारे आत्मे, काट्यांच्या पुलावर उभे केलेले लबाड कारागीर, ज्वाळांत बसलेला व्याजखोर. तुमची निवड समिती १८६०ला तिथे गेली असती तर पांढरी भिंत बघून 'विका' म्हणाली असती.

खडूस_काका

व्याजखोर ज्वाळांत असेल तर ते एक ठेवा. बाकीच्यांचा चुना आधी खरवडून बघा, मग पैसे मागा.

गॉथिक_शंकासूर

काका, खरवडायच्या आधी परवानगी! डायोसीसच्या, म्हणजे बिशपच्या प्रांताच्या, चॅन्सेलरच्या (चर्चच्या न्यायाधीशाच्या) सहीशिवाय चर्चमधली बाकंसुद्धा सहसा काढता येत नाहीत.