निष्ठा धरलीच नव्हती, तर सोडायची कशी?
परदेशात वाढणाऱ्या जपानी कुटुंबांतल्या मुलांची घरात जपानी आणि शाळेत इंग्रजी अशी ओढाताण होते, असं बरेच जण लिहितात. पटतंच. पण अमेरिकेतल्या निसेईंना, म्हणजे तिथेच जन्मलेल्या दुसऱ्या पिढीला, हा पेच सरकारनं चक्क फॉर्मवर छापून दिला होता. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना सरकारनं छावण्यांमध्ये डांबलं होतं; तिथे १९४३ साली सतरा वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना तो भरायला लावला. २८वा प्रश्न असा: जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडाल का? 'हो' लिहावं, तर आधी होती असं कबूल केल्यासारखं!

आईवडिलांचं त्याहून अवघड. त्यांना अमेरिकी नागरिकत्व १९५२ पर्यंत कायद्यानंच मिळत नव्हतं. म्हणजे 'हो' म्हटलं की कुठल्याच देशाचे नाहीत. त्यांच्यासाठी शब्दरचना नंतर बदलली म्हणा. अमेरिकेच्या सैन्यात जायला तयार आहात का, हा २७वा प्रश्न. दोन्हींना 'नाही' लिहिणाऱ्यांची रवानगी ट्यूली लेकच्या छावणीत झाली, म्हणजे 'निष्ठा नसलेल्यां'साठी वेगळ्या ठेवलेल्या कॅलिफोर्नियातल्या छावणीत.