मदत हवी आहे: 'मणक्यात गॅप' निघाला, आता केळीचे घड उचलायचेच नाहीत का?

धाकटा भाऊ, वय ३६, रावेरकडे केळी काढणीला जातो. तीन आठवडे कंबर दुखतेय, कळ उजव्या मांडीमागून पोटरीपर्यंत जाते. एमआरआयमध्ये 'एल४-एल५ डिस्क बल्ज' आलंय. ताप नाही, लघवी-संडास नीट. आठवडाभर झोपूनच आहे. गावात सगळे म्हणतात ऑपरेशन करा.

प्रतिसाद १
भाऊ, 'गॅप' हा शब्द आधी डोक्यातून काढा. दोन मणक्यांमध्ये जागा असतेच, त्यात चकती (डिस्क) बसते. आत मऊ गर, भोवती तिरप्या तंतूंचे एकावर एक थर, एकाआड एक उलट दिशेला तिरपे. बल्ज म्हणजे तिची कडा थोडी फुगलीय. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले, तरी पन्नाशीत साधारण ६० टक्क्यांना बल्ज दिसतो. तेव्हा रिपोर्टपेक्षा पाय बघा. टाचांवर दहा पावलं चालवा, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा तुमच्या बोटाच्या दाबाविरुद्ध वर उचलायला सांगा. एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, बहुधा एल५ची नस दबते आणि अंगठा उचलणं तिचंच काम. तो लुळा पडत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. लघवी अडली किंवा सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल, रात्र काढायची नाही. यातलं काही नसेल तर ऑपरेशनची घाई नको. अशी कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत ओसरते.

प्रतिसाद २
झोपून राहणं आजच थांबवा, त्याने पाठीचे स्नायू ढिले पडतात. सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा चालू दे. पालथं झोपून कोपरांवर दोन मिनिटं टेकून बघा. कळ पोटरीतून कंबरेकडे सरकली तर चांगली खूण, रोज करा. खाली पावलाकडे गेली तर तो व्यायाम बंद.

धागाकर्ता
अंगठा ताठ उचलतो, टाचांवरही चालतो. पण काढणी पहाटे असते. पट्टा बांधून पाठवू का?

प्रतिसाद २
इतक्यात नको. रात्रभर चकती पाणी शोषून टम्म होते, उठल्यावर तासभर वाकणं तिला सर्वांत जड. पायातली कळ गेली की पाठवा, सुरुवातीला घड कापायला, वाहायला नाही. पुढे वाहताना घड छातीशी धरायचा, गुडघे-खुब्यातून वाकायचं. घड हातात घेऊन कंबर पिळत ट्रॉलीकडे वळतात तिथेच घात होतो, कारण पीळ बसला की चकतीचे एकाच दिशेला तिरपे असलेले निम्मेच तंतू ताण घेतात. वळायचं ते पावलं टाकून. पट्टा ओझ्यापुरता, घरी आल्यावर काढायचा.