मदत हवी आहे: बदलीनंतर नवीन शाळा मुलाचा आयईपी (विशेष शिक्षणाचा लेखी आराखडा) धरत नाहीये, बोलायचा टॅबलेटही गेला

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण आता एकटीने डोकं चालत नाहीये. लांबलंय, सांभाळून घ्या.

नवरा अमेरिकेच्या आर्मीत, ॲक्टिव्ह ड्युटीवर. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे. तोंडाने बोलतो ते चार-पाच शब्द, त्यातले तीन मराठी, आई, नको आणि दे. टेक्सासमध्ये तीन वर्षं होतो तेव्हा शाळेत सगळं हळूहळू बसत आलं होतं, आठवड्यातून तीनदा एकट्याचं स्पीच, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, वर्गात त्याच्यासाठी एक एड म्हणजे मदतनीस, आणि सगळ्यात मोठं म्हणजे टॅबलेट, चित्र दाबलं की आवाज येतो तो. दीड वर्ष लागलं त्याला ते जमायला. पहिल्यांदा त्याने स्वतःहून पाणी दाबलं तेव्हा मी ग्लास भरता भरता रडत होते.

ऑक्टोबरमध्ये पीसीएस म्हणजे आर्मीची बदली झाली, वॉशिंग्टन राज्यात आलो, आणि तीन आठवड्यांत नवरा डिप्लॉय झाला. टॅबलेट शाळेच्या मालकीचा, त्यामुळे निघताना तिथेच जमा करावा लागला. मला वाटलं आयईपीत लिहिलेलंच आहे, इथे दुसरा मिळेल. इथली शाळा म्हणते हा दुसऱ्या स्टेटचा आयईपी, आम्ही आधी आमचं इव्हॅल्युएशन करणार, मग काय द्यायचं ते ठरवू. तोवर स्पीच आठवड्यातून एकदा, तेही पाच मुलांच्या ग्रुपमध्ये, एड नाही, टॅबलेट नाही. पहिल्या फोनवर मी एआरडी मीटिंग कधी आहे विचारलं तर समोरच्या बाईंना कळेचना, टेक्सासमध्ये आयईपीच्या मीटिंगला तसं म्हणतात, इथे कोणी म्हणत नाही, म्हणजे शब्दांपासून सगळं नवीन.

मंगळवारी संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी आला, टॅबलेट नेहमी ठेवायचो त्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि रिकाम्या लाकडावर दाबलं. एकदा, मग परत, मग जोरात. वरच्या डाव्या कोपऱ्यात. तिथे पाण्याचं चित्र असायचं. मी पाणी दिलं, प्यायला, पण मग टेबलाकडे बघत बसला की आवाज का आला नाही. त्या रात्री मला झोप नाही.

शाळेत चावायला लागलाय, स्वतःच्या मनगटाला. शाळा म्हणते वागणुकीचा प्रॉब्लेम आहे. अहो, त्याच्याकडून बोलायचं साधन काढून घेतलंय आणि बाबाही एकाएकी दिसेनासा झालाय, मग तो दुसरं काय करणार?

तर मला विचारायचंय की शाळा असं थांबवून ठेवू शकते का? टॅबलेट लवकरात लवकर कसा मिळवायचा, शाळेकडून की ट्रायकेअरकडून, म्हणजे आर्मीच्या आरोग्य विम्याकडून? नवरा इथे नाही तर मी एकटीच सगळ्यावर सह्या करू शकते का? आणि टीचर म्हणाल्या घरी फक्त इंग्लिश बोला, मराठीने तो गोंधळतो. हे खरं आहे का? त्याच्या तीन शब्दांवर पाणी सोडायचं का मी? इंग्लिश मला येतं पण मीटिंगमध्ये सहाजण भराभर बोलतात आणि मी मान डोलावून घरी येते, हेही सांगून टाकते.

प्रतिसाद, गुलबक्षी:
आधी श्वास घे गं. आमची तीन पीसीएस झाली, मुलगी आता १२ वर्षांची आहे, म्हणून सांगते. शाळा चालू असताना आयईपी असलेलं मूल एका स्टेटमधून दुसऱ्यात गेलं तर नव्या स्कूल डिस्ट्रिक्टला पालकांशी बोलून जुन्या आयईपीच्या तोडीच्या सर्व्हिसेस द्याव्याच लागतात, त्यांचं इव्हॅल्युएशन आणि नवीन आयईपी होईपर्यंत. हा आयडिया (IDEA) नावाचा विशेष शिक्षणाचा अमेरिकन कायदा आहे, कोणाची मेहरबानी नाही. त्यांना इव्हॅल्युएशन करायचं तर खुशाल करू दे, पण तोवर सर्व्हिस बंद ठेवता येत नाही. तू ऑक्टोबरमध्ये हललीस म्हणजे हे सरळ लागू. शिवाय मिलिटरीच्या मुलांसाठी राज्यांचा एक करार आहे, इंटरस्टेट कॉम्पॅक्ट, ५० च्या ५० राज्यं त्यात आहेत, त्यातही हेच लिहिलंय.

पण फोनवर बोलू नकोस, फोनचं काही राहत नाही. आजच ईमेल कर, प्रिन्सिपल आणि डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशन ऑफिसला. जुना आयईपी जोड. एका बाजूला तिथे काय मिळत होतं, दुसऱ्या बाजूला इथे काय मिळतंय, मिनिटांसकट लिही. आणि शेवटी हे नक्की लिही की तुम्ही नकार देत असाल तर मला प्रायर रिटन नोटीस द्या. म्हणजे नकार, त्याचं कारण आणि तो कशाच्या आधारावर, हे त्यांना कागदावर द्यावं लागतं. आमच्याकडे तोंडी नाही म्हणणारे लोक लिहायची वेळ आल्यावर बोलायला तयार झाले.

मीटिंगला दुभाषी मागायचा तुला हक्क आहे, घरची भाषा इंग्लिश नसेल तर तुला कळेल अशी सोय शाळेने करायची असते. मराठीचा माणूस लगेच मिळेल असं नाही, म्हणून आधीपासून मागून ठेव. सह्या तू एकटी करू शकतेस, आई आहेस. बाकी बँक, घर यांच्यासाठी पॉवर ऑफ ॲटर्नी केली नसेल तर बेसवरच्या लीगल ऑफिसात विचार, नवऱ्याला तिथून कागद करता येतात.

प्रतिसाद, शिंपला:
मी स्पीच थेरपिस्ट आहे, दुसऱ्या स्टेटमध्ये. मराठी सोडू नका, ताई. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझमच्या मुलांची भाषा मागे पडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्या भाषेत आईला प्रेमाने, लांबलचक बोलता येतं ती तोडली तर मूल मात्र घरात एकटं पडतं. त्याचं दे हा पूर्ण शब्द आहे, टीचरांना त्याचा अर्थ लिहून द्या म्हणजे शाळेतही कोणी ऐकेल.

टॅबलेट येईपर्यंत आज रात्रीच एक करा. जुन्या थेरपिस्टला ईमेल करून त्याच्या स्क्रीनचा फोटो आणि ॲपचं नाव मागवा, बॅकअप फाइल असेल तर तीही. फोटो मोठा प्रिंट करून प्लास्टिकमध्ये घाला आणि टेबलाच्या त्याच कोपऱ्यात चिकटवा. चित्रांच्या जागा अजिबात हलवू नका, पाणी वर डावीकडे तर वर डावीकडेच, कारण तो जागा लक्षात ठेवतो, चित्र नंतर बघतो. तो दाबेल तेव्हा आवाज तुम्ही व्हा, मोठ्याने "पाणी" म्हणा. एक प्रत शाळेच्या दप्तरात ठेवा.

डिव्हाइस जुन्या आयईपीत आहे तर तो तोडीच्या सर्व्हिसमध्येच येतो, शाळेकडे ट्रायलचा टॅबलेट मागा आणि घरी न्यायची परवानगी आयईपीत लिहून घ्या. त्याचवेळी ट्रायकेअरकडून स्वतःच्या मालकीचं बोलायचं डिव्हाइस मिळवायला सुरुवात करा, पीसीएमकडून म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडून रेफरल, मग स्पीचचं इव्हॅल्युएशन. वेळ लागतो पण ते मुलाचं असतं, पुढच्या बदलीत कोणी काढून घेणार नाही. आणि चावण्याबद्दल, मीटिंगमध्ये वागणूक असा शब्द आला की लगेच विचारा, टॅबलेट होता तेव्हा किती वेळा चावायचा? जुन्या शाळेची नोंद मागवा.

प्रतिसाद, गुलबक्षी:
राहिलंच, ईएफएमपीत, म्हणजे घरात विशेष गरजांचं माणूस असलेल्या सैनिक कुटुंबांच्या योजनेत, नाव आहे ना? ॲक्टिव्ह ड्युटीला ते बंधनकारक आहे. नवीन शाळेकडून २७९२-१ चा, म्हणजे विशेष शिक्षणाच्या माहितीचा, फॉर्म अपडेट करून घे. ईएफएमपी शाळेला हुकूम देत नाही, तसा भरवसा ठेवू नकोस, पण त्यांचा फॅमिली सपोर्टवाला माणूस मीटिंगला सोबत येऊ शकतो. बेसवरच्या स्कूल लिएझनला, म्हणजे सैनिक कुटुंबं आणि शाळा यांच्यातल्या दुव्याला, फोन कर, त्यांचं कामच हे. प्रत्येक राज्यात पालकांसाठी एक पेरेंट सेंटर असतं, फुकट, ते ईमेल वाचून देतात. आणि तुझ्यासाठी मिलिटरी वनसोर्स, सैनिक कुटुंबांची मदतसेवा, २४ तास फोन उचलतात, काउन्सेलिंगची १२ सेशन्स मोफत मिळतात. घे ती. डिप्लॉयमेंटमध्ये मी घेतली नव्हती, घ्यायला हवी होती.

धागाकर्ती:
तुम्हा दोघींचे आभार मानायला शब्द नाहीत. ईमेल परवा पाठवली, प्रायर रिटन नोटीसची ओळ अगदी तशीच टाकली. आज दुपारी उत्तर आलं, गुरुवारी मीटिंग आणि ट्रायलचा टॅबलेट शोधतायत म्हणाले. दुभाष्याचं काही लिहिलं नाही, परत विचारलंय. लिएझनबाई मीटिंगला येणार आहेत.

स्क्रीनचा फोटो जुन्या थेरपिस्टने तासाभरात पाठवला. चिकटवला कोपऱ्यात. खालच्या ओळीत एक चौकोन रिकामा होता तिथे मी बाबाचा युनिफॉर्ममधला फोटो लावलाय, हे बरोबर केलं का शिंपलाताई? तो आज संध्याकाळपासून तेच दाबतोय, अकरा वेळा मोजले मी. दर वेळी मी "बाबा लांब आहे, कामावर आहे" म्हणते. दुसरं काही म्हणायला हवं का ते सांगा.