फाइंडरचं ॲड-ऑन हवंय, पण एसआयपी बंद करायला हात धजत नाही

प्रश्न : पानोपानी

नमस्कार. मी जुन्या मासिकांचं स्कॅनिंग करते. एका अंकाचं एक फोल्डर, एका पानाची एक टिफ फाईल. 400 डीपीआयला रंगीत ए4 पान साधारण 46 एमबीचं होतं, म्हणजे शंभर पानांचा अंक साडेचार जीबीच्या आसपास जातो. दिवसभर काम एकच : 'कच्चं' फोल्डरमधलं पान उघडायचं, नीट आलं असेल तर 'पक्कं'मध्ये टाकायचं, नसेल तर खूण करून मागे ठेवायचं.

जुन्या इंटेल मॅकवर हे सगळं फाइंडरमध्येच, म्हणजे मॅकच्या फाईल दाखवणाऱ्या मूळ ॲपमध्येच, व्हायचं, कारण त्यात एक ॲड-ऑन टाकलं होतं. एकाच विंडोत डावीकडे कच्चं, उजवीकडे पक्कं. कमांड-एक्सने फाईल उचलायची, कमांड-व्हीने ठेवायची. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं म्हणजे टॅग लावला की फाईलची आख्खी ओळ रंगायची. लाल म्हणजे पान पुन्हा स्कॅन करायचं, पिवळी म्हणजे कडेचा मजकूर कापला गेलाय. दोनशे ओळींवरून नुसती नजर फिरवली तरी अंक कुठवर आलाय ते कळायचं. फाइंडर स्वतः नावाशेजारी फक्त एक ठिपका दाखवतो. संध्याकाळी डोळे थकले की तो ठिपका मला दिसत नाही.

ते ॲड-ऑन चालावं म्हणून तेव्हा मी रिकव्हरीत (मॅकच्या दुरुस्तीच्या मोडमध्ये) जाऊन एसआयपी, म्हणजे सिस्टीम इंटेग्रिटी प्रोटेक्शन हे मॅकओएसचं आतलं संरक्षण, थोडं सैल केलं होतं : 'सीएसआरयूटिल एनेबल'ला 'विदाऊट डीबग' जोडून कमांड दिली होती. ही रचना अधिकृत नाही, पुढे मोडू शकते, असा इशारा आला होता. मी तो वाचला आणि पुढे गेले.

आता एम मालिकेच्या चिपचा मॅक घेतलाय. इथे त्याच ॲड-ऑनच्या सूचना म्हणतात की एसआयपी पूर्ण बंद करा आणि वर एक बूट आर्ग्युमेंटही (मॅक सुरू होताना वाचली जाणारी सेटिंग) द्या. इथे मी थांबले. ज्यांनी विश्वासाने आपले संग्रह माझ्याकडे दिलेत त्यांचा पत्रव्यवहार याच मशीनवर आहे, बँकेचे व्यवहारही इथूनच होतात.

एसआयपी चालू ठेवून ॲड-ऑन चालवायची काही वाट आहे का? नसेल तर बंद केल्याने नेमकं काय उघडं पडतं? 'करू नका' एवढंच सांगू नका, कारण कळलं तर मन मानेल.

उत्तर : आतली_बाजू

ताई, वाट नाही. कारण सांगतो.

फाइंडरला असल्या गोष्टींसाठी दार कधीच नव्हतं. एक्स्ट्राफाइंडर, टोटलफाइंडर या जातीची ॲड-ऑन चालू असलेल्या फाइंडरच्या प्रोसेसमध्ये आपला कोड घुसवतात आणि विंडो रंगवणारं त्याचं काम मध्येच आपल्या हातात घेतात. ओळ रंगते ती अशी. 2015 मध्ये ओएस एक्स 10.11, म्हणजे एल कॅपिटन, आलं आणि त्यात एसआयपी आलं. तोवर ॲडमिनचा पासवर्ड मिळालेला कुठलाही इन्स्टॉलर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन मशीनवर काहीही करू शकत होता. एसआयपीने रूटलाही सीमा घातली : सिस्टीमच्या फोल्डरांत लिहायचं नाही आणि सिस्टीमच्या प्रोसेसमध्ये बाहेरचा कोड घालायचा नाही. तुमचं ॲड-ऑन या दुसऱ्या नियमात अडकतं.

'विदाऊट डीबग'ने तुम्ही नेमका हाच एक नियम काढला होता. बाकीचं कवच शाबूत होतं, म्हणून त्या मशीनवर तुम्ही फार वावगं केलंत असं मी म्हणणार नाही. पण तो नियम एका ॲड-ऑनपुरता उठत नाही, सगळ्यांसाठी उठतो. फाइंडरला तुमच्या जवळजवळ सगळ्या फाईल दिसतात. त्याच्या पोटात शिरलेल्या कोडलाही त्या दिसतात, तो कोड कोणाचाही असो. एखाद्या मोफत पीडीएफ कन्व्हर्टरच्या इन्स्टॉलरला तुम्ही सवयीने पासवर्ड दिलात, तर जी वाट तुम्ही रंगीत ओळींसाठी उघडली तीच त्यालाही मोकळी असते.

नव्या मशीनवर भर पडते ती चिपची. फाइंडर तिथे पॉइंटर ऑथेंटिकेशनसह (कोडमधले पत्ते बदललेले नाहीत ना, ही चिपची तपासणी) चालतो आणि बाहेरचा कोड त्याच साच्यातला असावा लागतो. बूट आर्ग्युमेंट त्यासाठी मागतात. एसआयपी बंद असताना त्या मॅकवर आयफोन-आयपॅडची ॲपही उघडत नाहीत.

आत्ता काय स्थिती आहे ते बघायचं तर टर्मिनलमध्ये 'सीएसआरयूटिल स्टेटस' लिहा, रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत. त्यासाठी रिकव्हरीत जावं लागत नाही.

उत्तर : दोन_विंडो

वरचं सगळं बरोबर आहे, पण पानोपानीताईंना उद्या सकाळी कामाला बसायचंय, म्हणून त्याबद्दल लिहिते. मीही असंच ॲड-ऑन बरीच वर्षं वापरलं आणि एका दुपारी सोडलं. फाईल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवत असताना फाइंडर कोसळला. पुन्हा सुरू झाल्यावर काही फाईल दोन्हीकडे होत्या, काही अर्धवट. काय गेलं नि काय राहिलं हे ताडून पाहण्यात दोन दिवस गेले. दोष ॲड-ऑनचा होता की नव्या अपडेटचा, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं आणि मला तेच सगळ्यात लागलं.

तुमच्या यादीतलं बरंचसं फाइंडर आता स्वतःच करतो. कट-पेस्टसाठी कमांड-सी करा आणि ठेवताना ऑप्शन-कमांड-व्ही दाबा, फाईल कॉपी न होता हलते. बोटांना वळण लागायला मला आठवडा लागला. फोल्डर वर आणि फाईल खाली हवं असेल तर 2016 च्या सिएरापासून फाइंडरच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डखाली ती सोय आहे. फाईलचा पूर्ण पाथ हवा असेल तर ऑप्शन-कमांड-सी. एकाच वेळी शंभर पानांची नावं बदलायची असतील तर सगळी निवडून राइट क्लिक करा, रीनेम तिथेच मिळेल.

आणि ॲपलने एक अधिकृत दारही ठेवलंय, 2014 च्या योसेमिटीपासून. त्याला फाइंडर सिंक एक्स्टेन्शन म्हणतात. क्लाउडवाल्यांच्या फोल्डरवर हिरवी बरोबरची खूण दिसते ना, ती त्यातूनच येते. एक्स्टेन्शन फाइंडरच्या आत शिरत नाही. ते आपल्या वेगळ्या, सँडबॉक्सने (ठरावीक गोष्टींपलीकडे जाऊ न देणाऱ्या कुंपणाने) बांधलेल्या प्रोसेसमध्ये चालतं. त्यामुळे एसआयपीला हात लावावा लागत नाही. आयकॉनवर बिल्ला, राइट क्लिकच्या मेनूत नवी ओळ, टूलबारवर बटण, एवढं त्यातून होतं. 'पक्कंमध्ये पाठवा' असं बटण होऊ शकेल. पण विंडोचे दोन भाग करणं किंवा ओळ रंगवणं त्याच्या आवाक्यात नाही, तेव्हा कोणी एक्स्टेन्शनने ते करून देतो म्हणालं तर जपून.

दोन भागांसाठी फाइंडर सोडून वेगळा फाईल मॅनेजर घ्या. फोर्कलिफ्ट, पाथ फाइंडर, कमांडर वन ही स्वतंत्र ॲप आहेत, कोणाच्या पोटात शिरत नाहीत. पहिल्यांदा उघडल्यावर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्ससाठी परवानगी मागतील ती द्या. 'फुल डिस्क ॲक्सेस' मात्र लगेच देऊ नका. तुमची पानं बाहेरच्या डिस्कवर असतील तर बाहेरच्या डिस्कची परवानगी पुरते. ती परवानगी कधीही काढून घेता येते, रिकव्हरीत जावं लागत नाही.

उत्तर : सुटी_डिस्क

मी वेगळं मत मांडतो. एखाद्याला त्या रंगीत ओळीच हव्या असतील तर त्या मागणीत गैर काही नाही. आठ-आठ तास पडद्याकडे बघणाऱ्याला काय सोपं जातं हे त्यालाच माहीत.

इंटेल मॅकवर एसआयपीची स्थिती एनव्हीरॅममध्ये (मशीनच्याच छोट्या कायमच्या मेमरीत) असायची, म्हणजे बंद केलं की त्या मशीनवरच्या सगळ्या सिस्टीमसाठी बंद. एम मालिकेच्या मॅकवर सुरक्षेचं धोरण प्रत्येक इन्स्टॉल केलेल्या सिस्टीमचं वेगळं असतं. त्यामुळे बाहेरच्या एसएसडीवर दुसरं मॅकओएस टाका आणि तेवढ्यासाठीच एसआयपी बंद करा. पॉवरचं बटण दाबून धरलं की स्टार्टअपचे पर्याय येतात, तिथून ऑप्शन्समध्ये जाऊन टर्मिनल उघडायचा. कमांड दिल्यावर कुठल्या सिस्टीमसाठी ते नीट बघा, घाईत लोक मुख्य सिस्टीमच निवडतात.

त्या दुसऱ्या सिस्टीममध्ये मेल नको, ब्राउझरमध्ये लॉगिन नको, शक्यतो इंटरनेटही नको. मुख्य सिस्टीमचा डेटा असलेला व्हॉल्यूम फाइलव्हॉल्टने (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) बंद असला पाहिजे आणि इकडून त्याचा पासवर्ड कधीही द्यायचा नाही. फक्त पानं आणि ॲड-ऑन. मी असंच करतो. कष्टाचं आहे हे मान्य, दर वेळी रीस्टार्ट करावं लागतं.

पानोपानी

तिघांचेही मनापासून आभार. मला हवं होतं ते 'का' मिळालं.

सुटी_डिस्क, तुमचा मार्ग मी दोन दिवस मनात घोळवला. पण मला स्कॅन करता करता संग्राहकांच्या मेलला उत्तरं द्यावी लागतात, रीस्टार्टचं गणित जमणार नाही. एसआयपी चालूच ठेवलंय.

दोन भागांचा वेगळा फाईल मॅनेजर घेतला आणि त्याला फक्त बाहेरच्या डिस्कची परवानगी दिली. कमांड-एक्सकडे बोट अजून जातं. रंगीत ओळींसाठी मात्र काहीच सापडत नव्हतं आणि खरी भीती दुसरीच होती. जुन्या मॅकवर नऊ वर्षं मी लावलेले लाल-पिवळे, ते सगळे त्या ॲड-ऑनसोबत जातील असं मी धरून चालले होते. काल रात्री जुनी डिस्क नव्या मॅकला लावली, एक अर्धा राहिलेला अंक उघडला. सगळे टॅग जागेवर. टॅग फाईलच्याच गुणधर्मांत लिहिलेले असतात, ॲड-ऑन फक्त त्यावरून ओळ रंगवत होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

मग लाल टॅगचा एक स्मार्ट फोल्डर (अटीत बसणाऱ्या फाईल आपोआप गोळा करून दाखवणारा) केला आणि साइडबारला ठेवला, पिवळ्याचा दुसरा. कमांड-स्लॅशने खालची पट्टी चालू केली, तिथे आकडा दिसतो. आता ठिपके शोधावे लागत नाहीत, लाल फोल्डर उघडला की पुन्हा स्कॅन करायची तेवढीच पानं समोर. त्या अंकात 14 निघाली. आज सकाळपासून त्यातली 9 केली.

आतली_बाजू, एक विचारायचं राहिलं. जुना इंटेल मॅक आता भाचीला द्यायचाय. रिकव्हरीत 'सीएसआरयूटिल एनेबल' नुसतं लिहिलं की 'विदाऊट डीबग' निघून जातं ना?

आतली_बाजू

हो, पुढे काही न जोडता तेवढंच लिहा आणि रीस्टार्ट करा. पण त्याआधी ॲड-ऑन त्याच्या स्वतःच्या अनइन्स्टॉलरने काढा. मग 'सीएसआरयूटिल स्टेटस'मध्ये 'एनेबल्ड' दिसायला हवं. 'कस्टम कॉन्फिगरेशन' दिसलं तर काहीतरी राहिलंय, इथे लिहा.