मदत हवी आहे: आखूड हंगाम वय झालेल्या संघाला मानवतो की बाधतो?

नमस्कार मंडळी. एनबीएच्या (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) २०११-१२ च्या हंगामाविषयीचा एक गुंता मला सुटत नाही, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे. संघमालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे तो हंगाम थेट २५ डिसेंबरला सुरू झाला आणि ८२ ऐवजी ६६ सामने जेमतेम चार महिन्यांत उरकण्यात आले. प्रत्येक संघाला निदान एकदा तरी सलग तीन रात्री खेळावे लागले. त्यामुळे सामने कमी म्हणजे थकल्या पायांना आराम, हे गणित मला पटत नाही.

तरीही सॅन अँटोनियो स्पर्स या वय झालेल्या संघाने ५० सामने जिंकले. प्रशिक्षक पॉपोविच यांनी मार्चमधील एका सामन्यात ३५ वर्षांच्या टिम डंकनला विश्रांती दिली, तेव्हा सामन्याच्या तक्त्यात तो न खेळण्याचे कारण चक्क ‘म्हातारा’ असे नोंदवले गेले! (विनोदच, पण त्यामागे धोरण होते.) मात्र पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटीविरुद्ध २-० अशी आघाडी घेऊनही हाच संघ पुढचे चारही सामने हरला.

हा साचलेल्या थकव्याचा परिणाम मानावा, की तरुण प्रतिस्पर्धी निव्वळ सरस ठरला? खेळाडूंची मिनिटे आणि विश्रांतीचे दिवस यांची सामनानिहाय सांगड कशी घालावी, हे कोणी समजावून सांगेल का?