समलिंगी नात्यातली मारहाण फॅनफिक्शनमध्ये लिहावी का?

प्रश्न — तांबडी_माती, कोल्हापूर

नमस्कार. मी गेली तीन वर्षे मराठीत फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांतली पात्रे घेऊन रचलेल्या कथा, लिहितो. एका मालिकेतल्या दोन पैलवान मित्रांना मी माझ्या कथेत प्रेमिक केले आणि शिवाजी पेठेतल्या एका तालमीत आणून ठेवले. आठव्या प्रकरणात थोरला रागाच्या भरात धाकट्याचे मनगट असे पिरगाळतो की त्यावर चार बोटांचे वळ उठतात. दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तादांना ते दिसतात, पण ते काही विचारत नाहीत, कारण तालमीत अंगावर वळ असणे ही रोजचीच बाब. जिथे मार हा मेहनतीचाच भाग आहे, तिथे खोलीतला मार कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, हे जाणवले तेव्हाच मला ही कथा सुचली.

माझी एक मैत्रीण स्वतः समलिंगी आहे. प्रकरण वाचून ती फार दुखावली. "आमच्या वाट्याला आजवर रडणे आणि मरणेच आले, आता तूही तेच लिहिणार का?" असे तिने विचारले. तिचे म्हणणे मला खोडता येत नाही आणि प्रकरण काढून टाकावेसेही वाटत नाही. जाणत्यांनी आपले मत द्यावे.

उत्तर १ — जुना_वाचक

आपल्या मैत्रिणीच्या दुखावण्याला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत 1952 साली दोन स्त्रियांच्या प्रेमावरची एक स्वस्त कादंबरी निघाली, तेव्हा शेवट सुखाचा ठेवल्यास टपाल खाते पुस्तके अडवील या भीतीने प्रकाशकांनी लेखिकेला दुःखद शेवट करायला लावला होता. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने पुरुषांमधल्या प्रेमावरची 'मॉरिस' ही कादंबरी 1914 च्या सुमारास लिहून पुरी केली आणि तिचा शेवट सुखाचाच हवा असा आग्रह धरला. ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, 1971 मध्ये. आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या 1981 च्या नाटकात मित्रा या समलिंगी नायिकेची अखेर आत्महत्येने होते. मी ते नाटक मोठे मानतो, पण ज्या वाचकाला पिढ्यान् पिढ्या हाच शेवट हाती मिळत आला, त्याला पुढच्या मोठ्या नाटकाचीही धास्ती वाटावी हे स्वाभाविक आहे.

तरीही आपल्या कथेतला अंधार निराळा आहे असे मला वाटते. तिथे पात्राला समलिंगी असल्याची शिक्षा लेखक देत नाही. एक माणूस दुसऱ्याला मारतो आणि भोवतालच्यांना ते दिसत नाही. मात्र धाकट्याला शेवटी मारून टाकण्याचा विचार असेल, तर तो मृत्यू कथेला हवा आहे की केवळ आपल्याला दुसरा शेवट सुचत नाही, हे स्वतःला कठोरपणे विचारावे.

उत्तर २ — पंचगंगाकाठ

मी केवळ पूर्वसूचनेविषयी लिहिते. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर हिंसेचे तपशीलवार चित्रण, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक चित्रण अशा चार ठरावीक सूचना आहेत, आणि सूचना न देण्याचा पर्यायही लेखकाला उघडपणे निवडता येतो. त्यामुळे आपण कशात पाऊल टाकतो आहोत हे वाचकाला आधीच कळते. आपणही प्रकरणाच्या डोक्यावर 'जोडीदाराकडून मारहाण' असे स्वच्छ शब्दांत लिहावे. मराठी गटांत पुष्कळदा 'सावधान, समलिंगी संबंध' अशी सूचना दिसते, तिचा मला मनापासून राग येतो. सावध करायचे ते मारापासून, प्रेमापासून नव्हे.

उत्तर ३ — राजारामपुरी_जुनी_खोली

हे मी प्रथमच कुठे लिहितो आहे. 2014 मध्ये मी माझ्या जोडीदाराबरोबर राजारामपुरीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. त्याने मला दोनदा मारले. दुसऱ्या वेळी भुवईला टाके पडले आणि डॉक्टरांना मी न्हाणीघरात घसरलो असे सांगितले. तक्रार करायची तर आधी नाते सांगावे लागणार होते, आणि त्या वेळी भारतीय दंड संहितेच्या कलम 377 नुसार समलिंगी शरीरसंबंधच गुन्हा ठरत होते. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले, तरी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा संरक्षण देतो ते स्त्रियांनाच. माझ्यासारख्या पुरुषाला त्याचा आधार मिळत नाही.

त्या वर्षांत मला सुखान्त प्रेमकथा वाचवत नव्हत्या. एका परक्या मालिकेवरच्या फॅनफिक्शनमध्ये मार खाल्लेला नायक रात्री गुपचूप उशीचा अभ्रा धुतो, असे एक दृश्य होते. मीही तेच केले होते. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हे मला तिथे कळले. म्हणून आपले प्रकरण राहू द्यावे अशी माझी विनंती आहे. एक मात्र सुचवतो. कुस्तीतला वळ आणि बोटांचा वळ यांतला फरक वस्तादांना कळणारच. ते गप्प राहतात ते का, याचाही विचार व्हावा.

तांबडी_माती

आपण तिघांनीही मनापासून लिहिलेत, आभारी आहे. पूर्वसूचना आजच घातली. राजारामपुरीकर, आपले म्हणणे वाचून काल रात्री आठवे प्रकरण पुन्हा उघडले. वस्तादांना आता वळ ओळखू येतो. ते काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्या दोघांची जोड लावत नाहीत, आणि संध्याकाळी धाकट्याला तालमीतच झोपायला सांगतात. धाकटा मेलेला नाही, मरणारही नाही. मैत्रिणीला हे नवे प्रकरण पाठवले आहे. तिने अजून उघडलेले नाही.