लघुचित्रासाठी बारीक ब्रश: कोणता घ्यावा आणि कसा टिकवावा?

मोगरी

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला राहते. शाळेत एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, त्यानंतर वीस वर्षं ब्रशला हात लावला नाही. गेल्या वर्षी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांच्या दालनात दीड तास उभी होते. एका चित्रातली ओढणी इतकी पातळ होती की खालच्या चोळीची नक्षी तिच्यातून दिसत होती. घरी आले आणि ठरवलं, आपण शिकायचं.

सध्या तळहाताएवढ्या कागदावर एका नायिकेचा चेहरा काढतेय. जलरंग आणि गोवाश (अपारदर्शक जलरंग) वापरते. बारीक कामासाठी ५/०, १०/० आणि २०/० (शून्याआधीचा आकडा जितका मोठा तितका ब्रश बारीक) असा सिंथेटिक ब्रशचा संच घेतला. अडचण अशी की भुवई काढायला सुरुवात केली की अर्ध्यावर रंग संपतो. पुन्हा बुडवून जोडायला गेले की जोड दिसतो. तीन महिन्यांत दोन ब्रशांची टोकं आकड्यासारखी वळली आणि एकाला मधोमध फाट पडली.

माझे प्रश्न: याहून बारीक ब्रश मिळतो का? सेबलचा (प्राण्याच्या केसांचा) एक ब्रश दोन हजारांच्या आसपास दिसतो, तो खरंच घ्यावा का? आणि धुवायचे-ठेवायचे कसे? मागच्या पावसाळ्यात डबा बंद ठेवला होता. गणपतीत उघडला तर दांड्यांवर बुरशी आणि एका जुन्या ब्रशचे केस कुरतडलेले.

गेरू

मोगरी, तू फार बारीक ब्रश घेतलायस, म्हणून तुझी भुवई अर्ध्यात सुकते. याहून बारीक मुळीच घेऊ नकोस.

१०/० मध्ये केस मोजकेच असतात. त्यांत रंग मावतो तो टाचणीच्या डोक्याएवढा. वाटीपासून कागदापर्यंत हात येईतो त्यातलं पाणी उडून जातं. रेघ टोकाने निघते खरी, पण तिला रंग पुरवतं ते ब्रशचं पोट. मी भुवई, पापणी, ओठांची कड हे सगळं २ नंबरच्या ब्रशने काढते. त्याचं पोट भरलेलं आणि टोक मात्र एका केसावर येणारं. ००० माझ्याकडे आहे, तो फक्त मोत्यांचे ठिपके ठेवायला. आणि नंबरांवर फार विसंबू नकोस, एका कंपनीचा ० दुसऱ्या कंपनीच्या २ एवढा भरतो.

ब्रश शक्यतो दुकानात जाऊन घे. नव्या ब्रशचं टोक खळ लावून बसवलेलं असतं, त्यामुळे दुकानात प्रत्येकच ब्रश टोकदार दिसतो. पाणी मागायचं. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी गेले की ते काका न सांगता पेल्यात पाणी आणून ठेवतात. ब्रश पाण्यात हलवून खळ पूर्ण काढायची, मग मनगटाने एक झटका द्यायचा. चांगला ब्रश त्या एका झटक्यात आपणहून टोकावर येतो. मग अंगठ्याच्या नखावर टेकवून थोडा वाकवायचा आणि उचलायचा. सरळ झाला तर त्यात दम आहे, वाकलेलाच राहिला तर परत ठेवायचा. शेवटी उजेडाकडे धरून बघायचं, एखादा केस बाजूला फुटलाय का. सहा बघितले तर त्यातले दोन उतरतात, एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे असले तरी.

आता केसांचं. ज्याला कोलिन्स्की सेबल म्हणतात तो खरं तर सायबेरियन वीझल या प्राण्याच्या शेपटीचा केस. तो मधे जाड आणि दोन्हीकडे निमुळता, म्हणून पोटात पाणी धरतो आणि टोकाशी अणकुचीदार होतो. ब्रश करणारे ते टोक कात्रीने कधीच कापत नाहीत. केस टोकाकडून छोट्या साच्यात उभे करून ठोकून ठोकून आकार बसवतात. विन्सर अँड न्यूटनची सीरीज ७ ही १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी सुरू झाली असं कंपनी सांगते. तिला ७ नंबरचा ब्रश आवडायचा, म्हणून ते नाव. त्यातच आखूड केसांचा ‘मिनिएचर’ नावाचा प्रकार मिळतो आणि नाव बघून बरेचजण तोच घेतात. मी म्हणेन, नेहमीच्या लांबीचा घे. आखूड केसात पोट कमी, म्हणजे पुन्हा तुझी तीच अडचण.

घ्यावा का? हो, पण एकच. २ नंबरचा. माझा एक ब्रश नऊ वर्षं चेहऱ्यांसाठीच चाललाय. बाकी सपाट रंग भरायला, पार्श्वभूमीला कॅमल कंपनीचे सोनेरी सिंथेटिक भरपूर चालतात. चांगल्या ब्रशने वाटीत रंग कधीही कालवायचा नाही, त्याला म्हातारा झालेला ब्रश वेगळा ठेवायचा. आणि ॲक्रिलिकमध्ये सेबल घालायचा नाही. माझा एक चांगला ब्रश असाच गेला. आईचा फोन आला, अर्धा तास बोलत बसले आणि तोवर ॲक्रिलिक पोटात, थेट पत्र्याच्या नळीपर्यंत, सुकून दगड झाला. जलरंग सुकला तर पाण्यात सुटतो, ॲक्रिलिक सुटत नाही. तो ब्रश पुढे कधीच टोकावर आला नाही.

जयपूरला मी दोन हिवाळे एका उस्तादांकडे बसून शिकले. ते खारीच्या शेपटीच्या केसांची कलम, म्हणजे ब्रश, स्वतः बांधायचे. केस जुळवून दोऱ्याने आवळायचे. कबुतराच्या पिसाचा दांडा पाण्यात भिजवून मऊ करायचा, त्याच्या रुंद तोंडातून जुडी आत सोडायची आणि निमुळत्या तोंडातून टोक बाहेर ओढायचं. पीस सुकलं की आपोआप आवळतं. मागून काडी खोचली की कलम तयार. तिचं टोक किंचित वाकडं असायचं आणि त्यांना ते तसंच हवं असायचं, कारण वाकड्या टोकाचा एकच केस कागदाला लागतो. परदाज, म्हणजे अगदी बारीक ठिपके आणि रेघा शेजारी शेजारी ठेवत गालाला गोलाई आणणं, हे सगळं त्या कलमेने. खारीचा केस मऊ, त्याला उसळी नाही. जोर दिला की तो लोळतो. म्हणून पहिला महिना त्यांनी मला फक्त रेघा काढायला लावल्या, वसलीच्या, म्हणजे थर चिकटवून केलेल्या जाड कागदाच्या, तुकड्यावर, दिवसाला दोनशे. हात हलका झाला तो तिथे. तुझा कागद खरखरीत असेल तर तेही बघ. वसली अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत केलेली असते, तिच्यावर टोक अडखळत नाही.

धुणं. पाण्याची दोन भांडी ठेव, एक रंग काढायला, एक स्वच्छ. रंग केसांच्या निम्म्याच्या वर चढू द्यायचा नाही. नळीच्या तोंडाशी रंग साचला की केस आतून फाकतात, तुझ्या ब्रशला पडलेली फाट त्यामुळेच असणार. भांड्यात ब्रश उभा करून उठायचं नाही, टोक तिथेच वाकतं आणि दांडा फुगून रंगाचे पापुद्रे निघतात. काम संपलं की गार पाणी, तळहातावर अंगाच्या साबणाचा फेस, त्यात ब्रश हळूच गोल फिरवायचा. फेस पांढरा येईपर्यंत. मग साबण पूर्ण काढून बोटांनी टोक वळवायचं आणि आडवा ठेवून वाळवायचा. विकत घेताना मिळालेली प्लास्टिकची नळी ओल्या ब्रशला घालायची नाही.

आणि एक हात जोडून सांगते, टोक जुळवायला ब्रश तोंडात घालू नकोस. जुन्या लोकांना ती सवय होती. पण जुन्या रंगांपैकी पिवळ्या हरताळात आर्सेनिक असतं, लाल हिंगुळात पारा, जुन्या सफेद्यात, म्हणजे पांढऱ्या रंगात, शिसं. आजच्या ट्यूबांतही कॅडमियम, कोबाल्ट असतं. ओलं बोट पुरतं.

आंबोलीघाट

गेरूताईंनी बाकी सगळं सांगितलंच आहे. मी सावंतवाडीचा, गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, रंगवतो. दशावतारी संचात १२० गोल पानं असतात आणि प्रत्येक पानावर बारीक काम, त्यामुळे ब्रश रोजचेच हातात. पावसाळ्याचं तेवढं लिहितो.

मोगरीताई, बंद डबा हेच कारण. ब्रश बोटाला कोरडा लागला तरी नळीच्या आत ओल असते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मी डबा वापरतच नाही. बांबूच्या काड्यांची गुंडाळी मिळते तिच्यात ब्रश ठेवतो, हवा खेळते. ती गुंडाळी कपाटात, आणि कपाटात खाली एक छोटा पिवळा बल्ब, आमच्या आजीच्या वेळेपासून रेशमी साड्यांसाठी असतो तसाच. बुरशी येते ती बहुतेक डिंकावर. जलरंगात डिंक असतोच, दांड्याला लागलेला रंग पुसला नाही की तिथून सुरुवात.

केस कुरतडले ती कसर, लोकरीला लागते तीच. नैसर्गिक केसच खाते, सिंथेटिकला शिवत नाही. न धुतलेल्या ब्रशावर आधी बसते. डांबरगोळी फडक्यात बांधून जवळ ठेवा आणि आठवड्याला एकदा ब्रश बाहेर काढून झटका. वापरात असलेला ब्रश मी कसरीने खाल्लेला बघितला नाही.

रानवाट

एक महत्त्वाचं. स्वस्तात ‘नैसर्गिक केसांचा, कडक उसळीचा’ म्हणून कोणी ब्रश दाखवला तर केस नीट बघा. टोक गडद तपकिरी, मधे फिकट पिवळसर पट्टा, बुडाशी पुन्हा गडद असेल तर तो मुंगसाचा असू शकतो. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्याच्या केसांचे ब्रश विकणं गुन्हा आहे. एका मुंगसापासून ब्रशाला लागणारे केस फार थोडे निघतात, म्हणून या धंद्यात प्राणी मोठ्या संख्येने मारले जातात. कृपा करून घेऊ नका.

कोलिन्स्कीचा वीझलही भारताने साइटस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात घातलेला आहे. परदेशातून मागवलात तर कागदपत्रांवाचून पार्सल अडकू शकतं. मी स्वतः सगळं सिंथेटिकवर आणलं. टोक लवकर जातं हे मान्य, पण सहा महिन्यांनी बदलते.

गेरू

रानवाट, मुंगसाचं सांगितलंस ते फार बरं केलंस. खारीच्या कलमेचं मी वर लिहिलं ते मला शिकवणाऱ्याची पद्धत म्हणून. मोगरी, तशी कलम करायला कुणी खारीमागे लागू नये, हे तेव्हाच लिहायला हवं होतं. सेबल नको वाटला तर रानवाटचा मार्ग घे. सिंथेटिकमध्येही २ नंबर, भरल्या पोटाचाच.

मोगरी

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रविवारी चिपळूणच्या बाजारातून २ नंबरचा सिंथेटिक आणला, दुकानात पाणी मागून, चार बघून. भुवई एका दमात निघाली! नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंतची रेघसुद्धा जोड न देता आली. सेबलचं दिवाळीनंतर बघेन, आधी हात बसू दे.

वळलेली दोन टोकं सरळ होतील का, की टाकून देऊ?

गेरू

टाकू नकोस. पाणी चांगलं गरम कर, उकळतं नको. फक्त केसांचं टोक त्यात पाच-सहा सेकंद बुडव, बोटांनी सरळ कर आणि लगेच गार पाण्यात घाल. नळी गरम पाण्यात जाऊ देऊ नकोस, आतला गोंद सुटतो. सिंथेटिक असल्यामुळे बरंचसं सरळ होईल. काही दिवसांनी पुन्हा वळेल, तेव्हा ते दोन्ही रंग कालवायला घे.

आणि चेहरा पूर्ण झाला की फोटो टाक. ओढणी काढायच्या आधी टाक, पांढरा किती पातळ करायचा ते मला त्यावरून सांगता येईल.